खोटा मेंदू

आमच्या प्रयोगशाळेत दर पंधरवड्याला एक खोटा मेंदू तयार होतो. पाण्यात आगर विरघळवायचं, उकळी आणायची, हाताला सोसेल इतपत निवू द्यायचं आणि मग त्यात इंट्रालिपिड ओतायचं. ज्यांना तोंडाने अन्न घेता येत नाही अशा रुग्णांना शिरेतून देतात ते हे पांढरंशुभ्र स्निग्ध द्रावण. त्यातले तेलाचे अतिसूक्ष्म थेंब प्रकाशाला जवळजवळ शरीरातल्या ऊतींसारखेच इकडेतिकडे उधळतात. नंतर मोजून काही थेंब इंडिया इंकचे, कारण खऱ्या ऊती प्रकाश नुसता उधळत नाहीत, गिळतातही. ढवळायचं, साच्यात ओतायचं आणि वाट बघत बसायचं. साच्यातून निघतो तो एक करडट पांढरा, थलथलीत ठोकळा. त्याला आम्ही फँटम म्हणतो. बोटाने दाबला की थरथरतो. नवीन आलेली मुलं पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढतात आणि घरी पाठवतात.

माझं काम याहूनही खोट्या मेंदूशी आहे. तो संगणकात असतो. त्याला ना वास, ना ओलेपणा. लाखो बारीक घनांचा एक ढिगारा, आणि प्रत्येक घनाला चिकटवलेले चार-दोन आकडे: इथे प्रकाश किती उधळतो, किती शोषला जातो, कुठल्या दिशेने वळतो. या ढिगाऱ्यावर मी निळा प्रकाश सोडते आणि लाल प्रकाश किती परत येतो ते मोजते. हा खटाटोप ज्या प्रश्नासाठी चालतो तो मात्र अगदी साधा आहे: गाठ काढताना सर्जनने थांबायचं कुठे?

माझ्यापुरता तो प्रश्न मावशीच्या फोनने आला. तिच्या स्तनातली गाठ काढली होती, सगळं नीट पार पडलं होतं, टाके कोरडे होते. दहा-बारा दिवसांनी तिचा फोन. "अगं, कडेला आहे म्हणतात. परत घेणारेत आत." काढलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो तेव्हा त्याच्या बाहेरच्या अंगाला शाई लावतात, मग त्याच्या चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कर्करोगाच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या तर मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे काही पेशी मागे राहिल्या असण्याची दाट शक्यता. स्तन वाचवून केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये साधारण पाचातल्या एका बाईला असं दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं, हे मला कामामुळे पाठ होतं. ते मावशीला सांगून उपयोग नव्हता. तिने विचारलं ते वेगळंच. "पण त्यांना तेव्हा दिसलं नाही का? तू ते प्रकाशाचं काहीतरी करतेस ना?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ज्या शाईने मी फँटम काळवंडते तसलीच शाई तिच्या तुकड्याला लावली असेल.

दिसलं नाही का. खरं म्हणजे सर्जनला बऱ्याचदा दिसत नाहीच. स्तनात निदान बोटांना कठीणपणा तरी लागतो. मेंदूतला ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या ऊतीतच वाढणारी गाठ, आणि त्याच्या शेजारचा निरोगी मेंदू, दोघेही पांढऱ्या दिव्याखाली जवळपास सारखेच. ऑपरेशन चालू असताना शंका आली तर 'फ्रोझन' पाठवतात: तुकडा गोठवून, कापून, रंगवून पॅथॉलॉजिस्ट वीसेक मिनिटांत कळवतो. पण असे तुकडे पाठवायचे किती, आणि कुठून? जिथे शंकाच आली नाही तिथला तुकडा कुणी पाठवत नाही.

म्हणून रंगाची युक्ती. पाच-एएलए नावाचा एक साधासा रेणू रुग्णाला भूल देण्याच्या तीनेक तास आधी पाण्यातून प्यायला देतात, वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम. शरीर याच रेणूपासून हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा पदार्थ, बनवत असतं. ती साखळी ट्यूमरच्या पेशींत शेवटच्या पायरीवर अडखळते आणि प्रोटोपॉर्फिरिन नावाचा पदार्थ तिथे साठत जातो. त्यावर ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश टाकला की तो लाल चमकतो, ६३५ नॅनोमीटरला. मी पहिल्यांदा व्हिडिओ बघितला तेव्हा काम विसरून बघतच राहिले. सगळा मेंदू निळसर काळोखात बुडालेला आणि मधोमध धगधगता लाल निखारा. २००६ मध्ये जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. या रंगाच्या मदतीने एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाल्याचं प्रमाण ६५ टक्के होतं, साध्या पांढऱ्या दिव्याखाली ३६ टक्के. सहा महिने आजार न वाढता काढणारे रुग्णही जवळपास दुप्पट झाले. त्या चाचणीत एकूण आयुष्य वाढल्याचं मात्र ठामपणे दाखवता आलं नाही, आणि हे वाक्य गाळून आकडे सांगणारे लोक मला आवडत नाहीत.

मग अडचण काय? निखारा मधोमध असतो. ऑपरेशनची गोम कडेला असते. तिथे लाल गुलाबी होतो, गुलाबी 'आहे की नाही' होतो, आणि मग काळोख.

आम्ही ज्या न्यूरोसर्जन मॅडमबरोबर काम करतो त्यांनी पहिल्या भेटीत मला एकच गोष्ट ऐकवली होती. "मला तो काळोख चार प्रकारचा आहे हे माहीत असतं. डोळ्याला तो एकच दिसतो."

चार प्रकार त्यांनी बोटांवर मोजले. एक, तिथे गाठच नाही. दोन, गाठ आहे पण तिने रंग पुरेसा धरला नाही. तीन, गाठ आहे, रंग आहे, पण खाली आहे, प्रकाश पोचला नाही. चार, वर रक्त आलंय. त्यातल्या चौथ्यावर मी घरी जाऊन हिशेब मांडला आणि चाटच पडले. हिमोग्लोबिन नेमका हाच निळा-जांभळा पट्टा सगळ्यात जास्त पितं. कागदाइतका, म्हणजे एक दशांश मिलिमीटर जाडीचा रक्ताचा पापुद्रा पसरला तर त्यातून तो निळा प्रकाश जवळपास काहीच खाली जात नाही. लाल प्रकाश मात्र त्याच पापुद्र्यातून आरामात बाहेर येऊ शकतो. पण येणार कुठून? निळा आत गेला तर लाल जन्माला येणार. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. "म्हणून तर सारखं धुवून बघतो आम्ही." ठीक आहे. पण किती पातळ पापुद्रा चालतो आणि किती चालत नाही, हे धुणाऱ्या हाताला कळत नाही. तो आकडा मी काढू शकते. या कामात माझी गरज आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आता तो खोटा मेंदू चालतो कसा, ते जरा सावकाश सांगते, कारण मला त्यात खरी मजा येते.

काचेतून प्रकाश सरळ जातो. ऊतीत तो गर्दीत सापडलेल्या माणसासारखा जातो. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आत शिरला की सरासरी एक दशांश मिलिमीटरवर कशाला तरी धडकतो, जरासा वळतो, पुन्हा धडकतो. वळतो तो बहुतेक पुढच्याच दिशेने, पण अशा दहाएक धडका झाल्या की आपण कुठून आलो हे तो पार विसरलेला असतो. म्हणजे मिलिमीटरभर आत गेलेल्या प्रकाशाला दिशा उरत नाही. यासाठी एक समीकरण आहे, ते कागदावर सुटतं ते अगदी सोप्या आकारांसाठीच. मेंदूची वळकटी, त्यात रक्तवाहिनी, त्यावर रक्ताचा ओघळ, अशा गबाळ्या खऱ्या जगासाठी ते सुटत नाही. मग आम्ही फासे टाकतो. एक फासा, किती अंतर जायचं. दुसरा, किती वळायचं. प्रत्येक धडकेला फोटॉनच्या गाठोड्यातलं थोडं वजन तिथेच सोडायचं. गाठोडं मूळ वजनाच्या दहा हजाराव्या हिश्श्याखाली आलं की त्याचा पाठलाग परवडत नाही. नुसतं फेकून दिलं तर ऊर्जेच्या हिशेबात घोळ होतो. म्हणून दहात एक संधी द्यायची: नऊ वेळा संपला, एकदा वाचला, आणि वाचला तर त्याचं वजन दसपट. सरासरी जमाखर्च बरोबर राहतो. या युक्तीला आमच्यात सरळ 'रशियन रूलेट' म्हणतात. आणि वळण्याचा कोन ज्या सूत्रातून काढतो ते १९४१ मध्ये हेन्ये आणि ग्रीनस्टाइन या दोन खगोलशास्त्रज्ञांनी आकाशगंगेतल्या धुळीसाठी मांडलेलं आहे. ताऱ्यांमधली धूळ आणि कवटीतला मगज, प्रकाशाला दोन्ही सारखेच अडथळे.

निळा फोटॉन वाटेत प्रोटोपॉर्फिरिनच्या तावडीत सापडला तर तिथून एक लाल फोटॉन निघतो, कुठल्याही दिशेला, आणि त्याची वेगळी भटकंती सुरू होते. त्यातले मोजके वर येऊन कॅमेऱ्याच्या भिंगात शिरतात. असे कोट्यवधी सोडले की पडद्यावर चित्र उमटायला लागतं, आधी खरखरीत, मग हळूहळू मऊ. खरखर निम्मी करायची तर फोटॉन चौपट लागतात, त्यात सूट नाही. पूर्वी याला रात्रच्या रात्र जायची. २००८-०९ च्या सुमारास लोकांनी हे गणित व्हिडिओ गेमसाठी बनलेल्या चिपांवर चढवलं आणि रात्रीची मिनिटं झाली.

या फाशांच्या पद्धतीचं नाव मॉन्टे कार्लो. तिची जन्मकथा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९४६ मध्ये स्टॅनिस्लॉ उलाम नावाच्या गणितज्ञाच्या मेंदूला सूज आली. तातडीने कवटी उघडून शस्त्रक्रिया करावी लागली. त्यातून उठल्यावर सक्तीची विश्रांती, आणि विश्रांतीत एकट्याने खेळायचे पत्ते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे त्याने गणिताने काढायचा प्रयत्न केला. जमेना. मग वाटलं, शंभर डाव मांडून किती सुटतात ते मोजलं तर? हे त्याने जॉन फॉन नॉयमनला सांगितलं, आणि दोघांनी ते न्यूट्रॉनांच्या भटकंतीला लावलं. नाव सुचवलं त्यांच्या सहकाऱ्याने, निकोलस मेट्रोपोलिसने. उलामचे एक काका नातेवाइकांकडून उसने घेऊन मॉन्टे कार्लोला जुगार खेळायला जात, त्यावरून. प्रकाश आणि ऊतींसाठी ही पद्धत १९८३ मध्ये आली. १९९५ मध्ये वांग, जॅक्स आणि झेंग यांनी तिचा एक नेटका प्रोग्रॅम लिहून सगळ्यांना खुला केला, तो अजून चालतो. मेंदूच्या ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाला सुचलेली गोष्ट फिरून मेंदूच्या ऑपरेशनमध्ये आली, याचं मला अजूनही नवल वाटतं. त्याला योगायोगापेक्षा मोठं काही म्हणायला मी तयार नाही.

आता माझी फजिती. पहिलं वर्ष. मी मॅडमना चित्र दाखवायला बोलावलं. पडद्यावर मेंदूचा छेद, पाच मिलिमीटर खाली ठेवलेली गाठ, आणि वरून बघितलं तरी ती लालभडक, कड अगदी रेखीव. मॅडम खुर्ची ओढून बसल्या, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "इतकं स्वच्छ मला आजवर कधी दिसलेलं नाही. तुमचा मेंदू काचेचा आहे का?"

काचेचाच होता. आमच्या विषयात काही प्रोग्रॅम दर मिलिमीटरचे आकडे मागतात, काही दर सेंटिमीटरचे. मी एकाचे आकडे दुसऱ्याला दिले होते. माझा मेंदू खऱ्यापेक्षा दहापट नितळ झाला होता. गंमत अशी की प्रोग्रॅमने एकही चूक दाखवली नव्हती. ऊर्जेचा जमाखर्च चोख, आलेख गुळगुळीत. ज्यांनी खरा मेंदू बघितला होता त्यांनाच तो खोटा वाटला. तेव्हापासून कुठलाही निकाल मी आधी फँटमवर पडताळते. आगर, इंट्रालिपिड, शाई. दहा वेळा हात बरबटले तरी चालतील.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी वेगळ्या जातीच्या खोटेपणात बुडालेला असतो. त्याला प्रकाशाशी देणंघेणं नाही. कवटी उघडली, मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं की मेंदू खाली बसतो, कधी कधी सेंटिमीटरभर. आदल्या दिवशीचा एमआरआय नकाशा तेवढ्याने चुकतो. तो मेंदूचे हजारो चिमुकले तुकडे कल्पून, गुरुत्वाकर्षण लावून, नकाशा किती सरकवायचा ते काढतो. त्याचं म्हणणं, तुझा प्रकाश मिलिमीटरभर आत जातो, माझा मेंदू सेंटिमीटरभर हलतो, आधी माझं ऐका. आमचं भांडण रोजचं.

पण सिम्युलेशनचं खरं मोल मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. खऱ्या रुग्णात गाठ नेमकी कुठे संपते हे कुणालाच ठाऊक नसतं. सर्जनला नाही, एमआरआयला नाही. पॅथॉलॉजिस्टला जे तुकडे मिळाले तेवढ्यापुरतं. त्यामुळे एखादं यंत्र बरोबर सांगतंय की चूक, हे ताडून कशाशी बघणार? माझ्या मेंदूत गाठ मीच ठेवलेली असते. उत्तर खिशात घेऊन मी प्रश्न विचारते. आणि मॅडमचे चारही काळोख एकेक करून बदलता येतात: रक्त तेवढंच ठेवून खोली बदल, खोली तीच ठेवून रंग कमी कर. खऱ्या माणसावर हे करता येत नाही, करूही नये. अशाच हिशेबांच्या आधाराने लोकांनी परत येणाऱ्या साध्या प्रकाशावरून लाल रंगाची दुरुस्ती करायला सुरुवात केली. इथे ऊती निळा जास्त पिते, म्हणजे इथला लाल खऱ्यापेक्षा फिका दिसणार, तेवढा वाढवून वाचा. अमेरिकेतल्या डार्टमथच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की डोळ्याला लाल न दिसणाऱ्या जागीही मोजणाऱ्या सळईला प्रोटोपॉर्फिरिन सापडतं, आणि तिथे गाठ असते.

याच मोलात खोटही आहे, तीही सांगायला हवी. गाठ मी ठेवते म्हणून तिला कड असते. ग्लायोमाला कड नसते. १९२८ मध्ये वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने ग्लायोमासाठी मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढल्याचे अनुभव प्रसिद्ध केले होते. एवढं काढूनही हा आजार उरलेल्या अर्ध्या भागात परत डोकं वर काढतो, असं दिसून आलं. ज्या गाठीच्या पेशी इतक्या दूरवर झिरपतात तिच्याभोवती मी माउसने एक वर्तुळ काढते आणि म्हणते, हिची कड शोधा. आता मी कड विरत जाणारी ठेवते, पेशींचं प्रमाण हळूहळू उतरवत. लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, किती टक्क्यांवर म्हणायचं 'संपली'? मॅडम म्हणतात, ते तुम्ही ठरवायचं नाही. बोलण्याची जागा असेल, किंवा हात हलवणारा पट्टा असेल, तर मी आधी थांबेन. बाजूला मोकळी जागा असेल तर पुढे जाईन.

गेल्या महिन्यात मॅडमनीच एक परीक्षा घेतली. आम्ही पडद्यावरच्या चित्रात तिसरा रंग घातला होता. लाल म्हणजे आहे, काळं म्हणजे नाही, आणि करडं म्हणजे सांगता येत नाही, प्रकाशच पोचलेला नाही. ही करड्याची मागणी त्यांचीच होती. "यंत्राला कळत नसेल तर त्याने गप्प बसू नये, कळत नाही असं म्हणावं." निळा प्रकाश जिथून फारच कमी परतून येतो तिथे तो वरच्या वरच गिळला जातोय, हे ओळखून आम्ही करडं भरतो. त्यांनी आम्हाला खोलीबाहेर काढलं, स्वतः फँटम ओतला, आत प्रोटोपॉर्फिरिनच्या गोळ्या दडवल्या आणि वर एका कोपऱ्यात हिमोग्लोबिनच्या द्रावणाचा थेंब पसरला.

दिवे मालवले. निळा प्रकाश सोडला. पडद्यावर दोन ठिपके लाल. कोपऱ्यात करडा डाग, अगदी थेंबाच्या आकाराचा. बाकी सगळं काळं. मॅडमनी सलाइनने कोपरा धुतला, कापसाने टिपला. करडं निवळलं आणि खालून तिसरा लाल ठिपका वर आला. माझ्या सहकाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली, हे विशेष.

"तीन," मी म्हणाले.

"चार ठेवल्यात," मॅडम म्हणाल्या.

आम्ही दिव्याचा कोन बदलला, कॅमेरा जवळ आणला, पुन्हा धुतलं. तीनच. मग त्यांनी चमचा घेतला आणि काळ्याकुट्ट दिसणाऱ्या मधल्या भागात खणायला लागल्या. आगरचे लगदे बाजूला पडत होते. चार मिलिमीटरवर चमच्याखाली लाल चमकलं.

"इथे तुमचं यंत्र 'नाही' म्हणालं होतं."

मी म्हटलं, वरच्या थरात नाहीच आहे, ते बरोबरच सांगितलं यंत्राने.

"मग तेवढंच म्हणू दे ना त्याला. काळ्याच्या खाली आकडा लिहा. किती खोलपर्यंत नाही?"

हा आकडा माझ्याकडे होता, गेल्या तीन वर्षांपासून. प्रत्येक सिम्युलेशनच्या शेवटी तो एका फाइलमध्ये पडतो, प्रत्येक बिंदूसाठी वेगळा, आणि चित्र गिचमिड होतं म्हणून मी तो कधी दाखवला नव्हता. त्या दिवशी रात्री फाइल उघडून बघितली. त्या मधल्या काळ्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी आकडा होता ०.८ मिलिमीटर.